साडेतीन हात रुंद

आबांच्या पलंगाचं माप सुतारानं चुकवलेलं नव्हतं. ते माप मीच दिलं होतं, समजून उमजून दिलं होतं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, आणि ज्या बहिणीला त्या मापाची किंमत मोजावी लागली तिला तर नाहीच.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मी नुकताच जालन्याला कापसाच्या जिनात कारकून म्हणून लागलो होतो. शाळेत उर्दू शिकलो होतो, ते तिथं कामी आलं. मस्तगडाच्या बाजूला एक खोली भाड्यानं घेऊन राहत होतो आणि शुक्रवारी सुट्टी असली की अंबडकडच्या आमच्या गावी जात होतो. गावात आबा, माझी बायको आणि आमचं तान्हं मूल. आई आधीच गेली होती. आबांची उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, आणि धाकट्या बहिणीला तिच्या सासरहून बोलावून घेतलं. तिचं सासर दुधना नदीच्या काठी, परतूरकडं. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. "चार दिवस राहून येते," असं सांगून ती निघाली होती, हे तिनंच आल्या आल्या सांगितलं.

आमच्याकडं सून सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या पुढचा रिवाज कुणी बोलून दाखवत नाही, पण पाळतात सगळे. सासऱ्याच्या अंथरुणाला सुनेचा गुडघा लागता कामा नये. तिनं उभ्यानं अंथरूण घालावं, उभ्यानं काढावं, धुवावं, वाळवावं. त्यावर बसू नये, चढू नये. लेकीला हे बंधन नाही. लेक बापाच्या उशाशी मांडी घालून बसू शकते.

आबा जुन्या सुंभाच्या बाजेवर होते. बाजेला झोळ पडला होता. माणूस घसरत घसरत मधे जाई, ओल मधेच साचे, आणि थोड्याच दिवसांत त्यांची पाठ सोलून निघाली. खाली आईनं शिवलेली मोठी वाकळ होती. ती भिजली की दोन बायांना उचलत नसे आणि थंडीत वाळता वाळत नसे. बहिणीनं पहिलं काम केलं ते त्या वाकळीचे तीन तुकडे करायचं.

"ताई, सासूबाईंच्या हातची हाय ती," माझी बायको म्हणाली.

"माय असती तर तिनंच फाडली असती. तू धर तिकडून."

एक तुकडा डोक्याखाली, एक कमरेखाली, एक पायाखाली. ओला झाला तर मधला तेवढा बदलायचा. तोही कसा, तर आबांना एका कुशीवर करायचं, जुना तुकडा त्यांच्या पाठीपर्यंत गुंडाळत न्यायचा, नवा तसाच गुंडाळून त्याला लावून ठेवायचा, मग त्या बाजूला जाऊन आबांना इकडं वळवायचं आणि जुना काढून नवा उलगडायचा. बाज अरुंद होती म्हणून हे दोन्ही बाजूंनी उभ्यानं करता येई. एका शुक्रवारी मी घरी होतो तेव्हा बहिणीनं माझ्या बायकोला पुढं केलं आणि स्वतः हात मागं बांधून उभी राहिली. बायकोनं पदर दातात धरला आणि सगळं केलं. आबांनी लाजेनं डोळे मिटून घेतले होते. पण झालं. गुडघा कुठं लागला नाही.

बाहेर ओसरीत येऊन बहीण मला म्हणाली, "दादा, आता नवी बाज कर. नवारीची, म्हंजे झोळ पडनार न्हाई. दोन हात रुंद बस झाली, अन् जराशी उंच, म्हंजे वहिनीला वाकाया नको." तिनं सुतळीनं दाराचं माप घेऊन ठेवलं होतं. "दार सव्वादोन हात हाय. दोन हाताची बाज असली तर चौघं धरून आबाला बाजेसकट आंगनात आनता येतंय. भित्ताकडं बघून बघून मानूस येडं व्हतंय." मग म्हणाली, "मंग म्या जाते."

मी "बरं" म्हणालो.

जालन्याला परत जाताना बैलगाडीत मी काय विचार केला ते लपवून आता उपयोग नाही. घरातली एक बाई आबांपाशी अडकणार होती. बहीण की बायको, एवढाच प्रश्न होता. बायको अडकली तर तिला आणि मुलाला जालन्याला आणायचा माझा बेत बुडाला असता. शिवाय नवखी सून कधीतरी थकणार, आजारी पडणार, आणि मग जिनातलं काम सोडून मलाच आबांच्या उशाशी बसावं लागणार. खोलीची, पगाराची, संध्याकाळी बाजारात मोकळं फिरण्याची मला नुकती कुठं चव लागली होती. मी बहीण निवडली. तिला तोंडावर "तू राहा" म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून ते काम मी लाकडाकडून करवून घेतलं.

सुतार माझ्या खोलीपासून जवळच होता. पलंगाची लांबी सांगितली. त्यानं रुंदी विचारली.

"साडेतीन हात."

त्यानं रंधा थांबवला. "मालक, साडेतीन हात मानसाची लांबी असती. तुम्ही रुंदी सांगून राह्यले. लग्नाचा हाय का?"

"वडलांचा. आजारी आहेत."

"मंग आजारी मानसाला येवढं रान कशाला? नांगरनार हायेत का?"

"खाली पडतील म्हणून. आणि चार लोक भेटायला येतात, घराला शोभलं पाहिजे."

"तुमची मर्जी. पर दारातून जाईल का?"

"सुटा करून दे. आत नेऊन जोडू."

"अन् बाहेर काढायचा तवा?"

मी त्याला पलंग कुठल्या दिवशी तयार होईल ते विचारलं.

पलंग गाडीतून आला आणि आबांच्या खोलीत जोडला. लाकूड चांगलं होतं, पाय कातीव होते, गावातले लोक बघून गेले. खोलीत तो तीन भिंतींना लागला. फक्त दाराकडची एक बाजू मोकळी राहिली. बहीण उंबऱ्यावर उभी राहून बराच वेळ बघत होती.

"दादा, हे माप कोनी देल्लं?"

"सुतारानं आपल्या मनानं केलं. लाकूड कापून बसला होता."

"परत न्हाई का करता येत?"

"आता परत कसं?"

तिनं माझ्या बायकोला बोलावलं आणि म्हणाली, करून बघ. बायकोनं हात लांबवला, कमरेतून वाकली, तरी आबांच्या पलीकडं हात पोचेना. तिनं पलंगावर एक गुडघा टेकवला. आबांच्या तोंडून एक आवाज निघाला. शब्द नव्हता, पण बायको चटका बसल्यासारखी मागं आली.

"माझ्याच्यानं न्हाई व्हायचं, ताई."

बहीण पलंगावर चढली आणि आबांना वळवलं. त्या दिवसापासून ती चढतच राहिली.

पहिल्यांदा तिचे सासरे न्यायला आले. "उन्हाळा होऊ द्या," मी म्हणालो, आणि ते मानानं परत गेले. दुसऱ्यांदा तिचा नवरा स्वतः आला. ओसरीत बसला, गूळ खाल्ला, पाणी प्याला. साधा माणूस होता, आवाज चढवून बोलला नाही.

"बापाची सेवा करनं बराबर हाय. आमचं काई म्हननं न्हाई. पर माय थकली. माझ्या घरची चूल कोन पेटवनार?"

तिथं मी एक वाक्य बोलायला हवं होतं. "घेऊन जा, आम्ही बघतो." त्याऐवजी मी म्हणालो, "मी कोण अडवणारा? तिलाच विचारा."

बहीण दाराआड उभी होती. अंथरूण धुताधुता आली होती, हातातून पाणी गळत होतं. सगळ्यांच्या देखत तिला विचारलं गेलं. नवऱ्याशी चारचौघांत बोलायची तिला सवय नव्हती. ती खाली बघून एवढंच म्हणाली, "आबाला कोन पलटवील?"

तो प्रश्न होता. तिनं तो मला विचारला होता, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी खांबाकडं बघत राहिलो. त्यानं तो नकार समजला, पटका बांधला आणि उन्हातच निघाला. आमच्या भावकीतले दोघं तिथं बसले होते. संध्याकाळपर्यंत गावात झालं की अमक्याच्या लेकीनं नवऱ्याला वाटंला लावलं.

त्यानंतर तिनं त्या पलंगाशी जे केलं ते मला नीट सांगितलं पाहिजे. तिनं हट्ट धरला की हे अंथरूण पलंगावर न चढता बदलता आलं पाहिजे. मी शुक्रवारी गेलो की दर वेळी काहीतरी नवं शिवलेलं असे आणि मागचं उसवलेलं असे. शेवटी तिला जमलं. कमरेखालच्या तुकड्याच्या दोन्ही कडांना तिनं लांब बंद शिवले. पलीकडचे बंद आबांच्या अंगावरून अलीकडं आणून ठेवायचे. अलीकडची कड वर उचलली की आबा सावकाश भिंतीकडं वळत. पलीकडचे बंद ओढले की तुमच्याकडं वळत. नव्या तुकड्याच्या पलीकडच्या शिवणीत तिनं वेळूची एक हलकी काठी घातली होती. उभ्यानं काठी ढकलली की कापड भिंतीपर्यंत आपसूक पसरत जाई.

हे जमायच्या जरा आधी जिनात परतूरकडची एक गाडी कापूस घेऊन आली होती. गाडीवान मला ओळखत होता. सरकी अंगावरून झटकत सहज म्हणाला, "तुमच्या पाव्हण्यानं दुसरी आनली की. तुमाला बोलावनं न्हाई आलं?"

मी म्हणालो, आलं होतं, जमलं नाही.

त्या शुक्रवारी घरी पोचलो तर बहीण उंबऱ्यातच होती. "चल, दावते तुला." माझ्या बायकोनं पदर दातात धरला, उभ्यानं बंद ओढले, काठी सारली, आणि आबांच्या खाली कोरडं अंथरूण आलं. आबा त्यांच्या अर्ध्या तोंडानं हसले. बहीण माझ्याकडं बघत होती. लग्नाच्या दिवशीसुद्धा मी तिला तशी खुललेली पाहिली नव्हती.

"जमलं का न्हाई?"

"जमलं. बिलकुल बराबर," मी म्हणालो.

"मंग आता सांगावा धाड. म्हनावं, जल्दी या. माझं लुगड्याचं बोचकं बांधून तयार हाय."

तेव्हा मला सांगावं लागलं. गाडीवानाचे शब्द मी तसेच सांगितले, माझ्याकडून काही घातलं नाही. ती ऐकत होती आणि काढलेला ओला तुकडा हातात धरून होती. मग ती तो घेऊन मागं धुवायला गेली. बायको तिच्या मागं जायला लागली तर म्हणाली, "तू आबाकडं बघ."

आबा त्यानंतरही पुष्कळ जगले. त्यांनी अंगण पुन्हा पाहिलं नाही. गेले तेव्हाही पलंग दारातून निघणारा नव्हता, म्हणून त्यांना हातांवर उचलून बाहेर आणावं लागलं. बायकोला जालन्याला आणायचा माझा बेतही झाला नाही; शेत कोण बघणार म्हणून ती गावातच राहिली. म्हणजे ज्याच्यासाठी केलं तेसुद्धा हाती लागलं नाही. पण ते हाती लागलं असतं तर माझा गुन्हा कमी झाला असता असं मला वाटत नाही.

बहीण आमच्याच घरी आहे. माझी मुलं तिनं वाढवली. कधी अंथरुणाचा विषय निघाला तर त्या सुताराला नावं ठेवते. "त्या मेल्याच्या हाताला तवाच काई झालं असतं तर बरं," असं हसत म्हणते, आणि मीही तिच्याबरोबर हसतो. तो सुतार जालन्यात अजून आहे. त्याच्या दुकानावरून जायचं मी टाळतो, वळसा घालून पलीकडच्या गल्लीनं खोलीवर जातो.

भावकीत कुणाच्या पोरीनं सासरी जायला कां कूं केलं की तिला माझ्या बहिणीचं नाव घेऊन बोलतात. "तिच्यावानी करशील, बापाच्या मायेपायी घर घालवशील." गेल्या लगीनसराईत तर तिच्यादेखतच म्हणाले. ती पापड लाटत होती, लाटत राहिली. मी मांडवात बसलो होतो. सगळे माझ्याकडं बघून मान हलवत होते, आणि मीही हलवली.

तिनं नवऱ्याला नाही म्हटलेलं नव्हतं. तिला जायचं होतं आणि मी तिला जाऊ दिलं नाही. हे आधी तिला आणि मग भावकीसमोर माझ्या तोंडानं सांगणं माझ्याकडं राहिलेलं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.