पाचपैकी तीन

नागपूरच्या नंदनवनातल्या मधुसूदन हरकऱ्यांनी अडतीस वर्षं गणित शिकवलं आणि त्या अडतीस वर्षांत कुणालाही शंभरपैकी शंभर दिले नाहीत. उत्तर बरोबर आलं तर ते पायऱ्या बघायचे, पायऱ्या जुळल्या तर समास बघायचे, आणि समासही सरळ निघाला तर उत्तराभोवती पट्टीने चौकट आखली आहे का ते बघायचे. चौकट नसली की एक मार्क गेला. आपला पेपर हरकरे सरांकडे जाऊ नये म्हणून पोरं मारुतीला नारळ बोलतात, हे कानावर आलं तेव्हा सर आठवडाभर खुशीत होते. आज ही गोष्ट ते स्वतःच सांगतात आणि सांगून झाल्यावर स्वतःला गाढव म्हणतात.

घरातही तीच तऱ्हा. पत्नी नीलाताईंच्या स्वयंपाकाला त्यांनी दिलेली सगळ्यात मोठी दाद म्हणजे "ठीक आहे". नीलाताईंना बघायला आले होते तेव्हाही घरी परत जाऊन "हरकत नाही" एवढंच म्हणाले होते, आणि त्यांच्या आईने ते ऐकून लगेच पेढे वाटले होते. कारण मुलगा इतकं कौतुक कधीच करत नाही हे तिला माहीत होतं.

असा माणूस निवृत्त झाला की शहराला जरा उसंत मिळायला हवी होती. पण लेक गार्गी पुण्याहून आली, बाबांच्या हातात स्मार्टफोन दिला आणि नकाशावर कुठल्याही ठिकाणाला पाचपैकी तारे देता येतात हे दाखवून निघून गेली. तिने बिचारीने करमणूक म्हणून दाखवलं. सरांच्या हाती मात्र लाल पेन परत आलं. वर्षभरात त्यांनी सदरमधला चष्मेवाला तपासला, रामदासपेठेतल्या दवाखान्याची लिफ्ट तपासली, पोस्टाच्या बाहेरचा डिंकाचा डबासुद्धा तपासला. सगळ्यांना एक किंवा दोन तारे. एका मिठाईवाल्याला लिहिलं, "पेढा बरा. पावतीवरील तारीख अस्पष्ट."

मग एक दिवस फोनने कळवलं की तुम्ही काढलेला बागेतल्या नळाचा फोटो चाळीस हजार लोकांनी पाहिला. सरांची छाती फुगली. वर्गातली साठ पोरं कधी एकदम फळ्याकडे बघत नसत, आणि इथे चाळीस हजार. त्यांनी फोन घेऊन स्वयंपाकघर गाठलं. नीलाताईंनी फोटो नीट निरखून म्हटलं, "अहो, पण नळाला पाणी दिसत नाही."

चाळीस हजार लोक आपलं बघतात, तर त्यांना बघण्यासारखं काही दाखवावं, हा विचार त्यातूनच आला. काटोल रोडवरून आत फुटणाऱ्या रस्त्यावर उमरधरा नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेत सरांनी बावीस वर्षं नोकरी केली, एसटीने जाऊन येऊन. गावाबाहेरच्या मुरमाड माळावर मोठमोठ्या दगडांची वर्तुळं आहेत, दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची थडगी. गावात त्याला गवळ्याचे गोटे म्हणत आणि त्यांच्यामध्ये बकऱ्या बांधत. नागपूरकरांची धाव एक तर रामटेकला, नाही तर वाघ बघायला. उमरधऱ्याला तलाठ्याशिवाय कुणी जात नसे.

सर सहा रविवार तिथे गेले. गावातला देवाजी त्यांना मोटरसायकलवर माळभर फिरवायचा. प्रत्येक वर्तुळ त्यांनी पावलांनी मोजलं, नकाशावर टाकलं, सकाळच्या उन्हात फोटो काढले. कुठल्या चिंचेपाशी वळायचं, गाडी कुठे लावायची, सावली कुठे मिळेल, सगळं लिहिलं. जन्मभराचा काटेकोरपणा इथे एकदाचा कुणाच्या तरी उपयोगी पडला. कारण लोक खरंच यायला लागले. आधी कॉलेजच्या मुली आल्या, मग रामदासपेठेतले डॉक्टर आले, एक जण तर बंगळुरूहून आला. सगळे दगड बघून झाल्यावर एकच प्रश्न विचारत, इथे जेवायला काय मिळेल?

त्याचं उत्तर देवाजीच्या बायकोने दिलं. रुख्मिणी, सरांच्याच शाळेतली. तिने घराच्या दोन खोल्या सारवून घेतल्या, अंगणात चूल मांडली आणि भाकर, भरीत, पाटोडीचा रस्सा असं जेवण द्यायला सुरुवात केली. नकाशावर तिच्या घराचं पान सरांनीच उघडून दिलं. "माझी विद्यार्थिनी आहे," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, जणू भरीत त्यांनीच शिकवलं होतं. पहिल्या सात पाहुण्यांनी तारे दिले. सहा जणांनी पाच आणि एकाने चार. सरासरी आली चार पूर्णांक नऊ.

ते बघून सदरमधल्या एका सहल कंपनीतून वेदिका नावाच्या मुलीचा फोन आला. दिवाळीपासून होळीपर्यंत दर रविवारी त्यांची चाळीस जणांची बस निघणार होती आणि यादीत उमरधरा घालायचं चाललं होतं. रुख्मिणीने गावातल्या पाच बायकांना कामाला यायचं सांगून ठेवलं, अंगणावर मांडव घातला, आणखी तीन चुली मांडल्या. सगळं त्या बसवर अवलंबून होतं.

सरांना वाटलं, आपणही हातभार लावावा. त्यांनी आयुष्यातला सर्वोत्तम अभिप्राय लिहिला. "भाकरी पातळ व एकसारखी. भरिताची चव उत्तम. स्वच्छता वाखाणण्याजोगी. नागपूर जिल्ह्यात असे जेवण मी खाल्लेले नाही." आणि खाली पाचपैकी तीन तारे दिले.

तीन का, हे त्यांना विचारायची सोय नव्हती. पाचपैकी तीन म्हणजे साठ टक्के, आणि साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास. अख्ख्या नागपुरात त्यांनी कुणाला फर्स्ट क्लास दिला नव्हता. रात्री जेवताना त्यांनी नीलाताईंना सांगितलं, की आज जरा सढळ हाताने दिले.

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण सकाळी बागेत त्यांच्यासोबत बसणारे अकरा जण होते, सगळे निवृत्त शिक्षक, सगळे बोर्डाचे जुने परीक्षक. सरांनी एक टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली आणि अकराही जणांना उमरधऱ्याला जेवायला नेलं. जेवण असं झालं की उठताना एकमेकांना हात द्यावा लागला. निवृत्त मुख्याध्यापक रुपराव यांनी चार भाकरी खाल्ल्या आणि भरीत तीनदा मागून घेतलं. परतीच्या वाटेवर सर म्हणाले, "सगळ्यांनी तारे द्या बरं." लगेच अकरा फोन निघाले आणि प्रत्येक जण शेजाऱ्याला दिसू नये म्हणून हाताचा आडोसा करून मार्क देऊ लागला. दहा जणांनी मन मोठं करून फर्स्ट क्लास दिला. रुपरावांनी दोन तारे दिले आणि कारण लिहिलं, "भरीत किंचित करपले होते."

बुधवारी वेदिकाचा फोन आला.

"सर, उमरधरा यादीतून गेलं. तीन पूर्णांक सहावर आलंय. चारच्या खालचं ठिकाण आमच्याकडे दिसतच नाही. एकाच दिवशी इतके लोक नाराज झाले, तिथे काही झालं का?"

"नाराज? अहो, सगळ्यांनी फर्स्ट क्लास दिला."

 वेदिका अगदी हळू आवाजात म्हणाली, "सर, तीन तारे म्हणजे लोकांना वाटतं, जेवणात झुरळ निघालं." शनिवारी यादी पक्की होणार, तोवर काही करता आलं तर बघा, असं सांगून तिने फोन ठेवला.

सर खुर्चीत बसले. गावाचं भलं करायला निघालेल्या माणसाने स्वतः गाडी ठरवून अकरा जण नेले होते आणि त्या बाईच्या चुलीत पाणी ओतून आले होते. त्यांना स्वतःची लाज वाटली, साधी, सरळ लाज. तेवढ्यात रुख्मिणीचाच फोन आला. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

"सर, मी रुख्मिणी बोलून राहिली. मार्क पाहिले मी. कुठं कमी पडलं ते सांगा नं मले. सुधारून घेईन."

 बघतो, एवढंच सर म्हणाले.

त्यांनी आपले तिनाचे पाच केले असते, पण त्याने सरासरी जेमतेम दशांशाने हलत होती. अकरा जणांनी फेरविचार करायला हवा होता. गुरुवारी बागेत त्यांनी विषय काढला. सगळे हळहळले, पण दिलेले मार्क असेच कसे वाढवायचे, यावर गाडी अडली. रुपराव म्हणाले, "असं तोंडी नाही चालत गा, मधुसूदन. फेरतपासणीले नियम आहे. तिच्या हातचा अर्ज आन, मंग पाहू." बाकीच्या दहा जणांनी माना डोलावल्या. आणि सांगायला शरम वाटते, पण सरांनाही ते रास्तच वाटलं. त्यांनी रुख्मिणीला फोन करून अर्ज लिहायला सांगितलं.

शुक्रवारी सकाळी सगळे बागेत बसलेले असताना सरांच्या फोनवर तो आला, वहीच्या रेघी पानाचा फोटो. "मोठ्यानं वाच," रुपराव म्हणाले. सरांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली.

"माननीय हरकरे सर व इतर सर्व सर. विषय, फेरतपासणी. आपण आमच्या घरी जेवून गेलात. दिलेले मार्क मला मान्य आहेत. भरीत करपले होते हे खरे आहे, चूल नवीन होती. बाकीचे जेवण एकदा आठवून पाहावे, ही विनंती. असा अर्ज करता येतो हे मला काल समजले. नववीत मला गणितात चौतीस होते. तेव्हा माहीत असते तर तेव्हाही केला असता. पस्तीस झाले असते तर माझी शाळा सुटली नसती. आपली विद्यार्थिनी, रुख्मिणी."

शेवटच्या ओळी सरांनी कशा वाचल्या, ते त्यांना आठवत नाही. विनंतीच्या ओळीभोवती तिने पट्टीने चौकट आखली होती.

उमरधऱ्याच्या शाळेत नववीचं गणित त्या सगळ्या वर्षांत एकच माणूस शिकवत होता आणि तोच तपासत होता. फेरतपासणीची सूचना मुख्याध्यापकांच्या खोलीत लावलेली असे. वर्गात ती वाचून दाखवायची नाही, पोरं उगाच अर्ज करत सुटतात, हे त्याच माणसाचं मत होतं. शिक्षकांच्या बैठकीत ते त्याने ठासून मांडलं होतं.

 रुपरावांनी खिशातून फोन काढला आणि दोनाचे चार केले. "भरीत करपलंच होतं," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. मग एकेक करून सगळ्यांनी फोन काढले, या वेळी आडोसा न करता. सरांनी सगळ्यात शेवटी पाच तारे दिले. संध्याकाळी वेदिकाने कळवलं, चार पूर्णांक सात, उमरधरा यादीत आहे.

रविवारी सर नीलाताईंना घेऊन उमरधऱ्याला गेले. बस ठरली म्हणून रुख्मिणी खुशीत होती. तिने नीलाताईंना पाटावर बसवलं आणि भाकरी थापायला घेतली. सर चुलीपाशी उभे राहिले.

"रुख्मिणी, नववीतले ते चौतीस मीच दिले होते."

"मले माहीत आहे नं, सर. चौकट आखली नव्हती मी." ती हसली. पीठ हातावर घेता घेता तिने सहज विचारलं, "अर्ज करता येते, हे तुमाले तवा माहीत होतं काय?"

सरांनी चुलीकडे पाहिलं.

"होतं," ते म्हणाले.

रुख्मिणीचा हात परातीत थांबला. मग तिने भाकर तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि ती फुगेपर्यंत तव्याकडेच बघत राहिली.

"बसा सर," ती म्हणाली. "जेवून घ्या."

सर नीलाताईंच्या शेजारी बसले आणि वाढलं ते सगळं खाल्लं. त्या दिवशी भरीत करपलं होतं की नाही, हे त्यांना आजही सांगता येत नाही.