मामाजींच्या अंगणातला दिवा

सौंसरहून पांढुर्ण्याला जाणाऱ्या बसमध्ये शेजारचा माणूस मांडीवर लॅपटॉप घेऊन प्रकाशयोजनेचं सॉफ्टवेअर शिकत होता. पडद्यावर त्याच्या सासऱ्यांचं, म्हणजे मामाजींचं अंगण होतं. सॉफ्टवेअरमधल्या तयार माणसांतला एक साहेब उचलून त्यानं तिथं सूटबुटासकट आडवा केला.

"हे आमचे मामाजी. इथंच झोपतेत."

मग जीभ दातांत धरून तो एकेक दिवा कोपऱ्यात सरकवू लागला. अंगण काळंकुट्ट झालं. मला लुडबुडीची खोड. म्हटलं, "अहो, एक तरी मधे लावा!"

"दोन लावले होते जी. डोळ्यावर उजेड आला का गोटा मारून फोडतेत. दरसाल पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत उतरतेत, नदीपलीकडच्या गावावर गोटे फेकतेत, नेम चुकत नाही. म्हणून तं हे शिकून राहिलो."

मग पडद्याकडे हताशपणे बघत म्हणाला, "उजेड कुठवर जाते, थे दाखवते हे. गोटा कुठवर येते, थे नाही दाखवत."