कृष्णाबाईचा गॅस आणि जगनचं कुंपण

माझी थोरली जाऊ कृष्णाबाई तोंडाची भारी फटकळ. कोलाडजवळच्या आमच्या गावात तिच्या वाटेला कोणी जात नसे, एक रेशन दुकानवाला जगन सोडून. रॉकेल त्याच्या हातात होतं ना! सगळं गाव त्याच्या मागे 'जगनशेट, जगनशेट' करत फिरायचं.

नव्वद साली या जगनने नदीवर जायच्या गावकीच्या वाटेवर कुंपण घातलं आणि आत केळी लावल्या. त्याच वाटेने आमचे गणपती कुंडलिकेवर विसर्जनाला जातात. पण बोलणार कोण? तोंड उघडलं की रॉकेल बंद. कृष्णाबाई तेवढी बोलली, कारण तिच्या परसात गोबर गॅस होता. जगन हसला.

"एकट्या बाईचं काय ऐकू? गावाला घेऊन ये," म्हणाला.

गाव कसलं येतंय! उलट आमच्यातली सगळ्यात वयस्क धोंडुबाई सांगत फिरायची, शेणाच्या गॅसवर शिजलेलं देवाला चालत नाय. बायकाही माना डोलवायच्या. मला असा संताप यायचा!

श्रावणात इराकने कुवेत गिळलं. माझे थोरले दीर गोविंदा रेडिओला कान लावून बसायचे.

"येवढं झालं, तरी दिल्ली इराकला चार शब्द का सुनावत नाय?" जाऊबाईने नवऱ्याला विचारलं.

"आपली माणसं अडकलीत तिकडं. आन् तेलबी तिकडूनच येतं. तेल देणाऱ्याला कसं दुखवणार?"

"म्हंजे दिल्लीलाबी एक जगन हाय," ती म्हणाली. मला हसू आवरेना.

मग रोह्याहून येणारं रॉकेल आटलं. ऐन चतुर्थीला जगनचं पिंप कोरडं, लाकडं भिजून चिंब, आणि पेणहून आणलेले गणपती घरोघरी पाटावर बसलेले. मोदक उकडायचे कशावर? कृष्णाबाईच्या दारात पहिलं पातेलं आलं ते धोंडुबाईचं.

"या काकी. शेणानं सारवल्याबिगर तुमचा देव बसत नाय, आन् शेणाच्या गॅसवर मोदक बाटतात व्हय?"

"चुकलं माझं गो. पेटव आता," म्हातारी म्हणाली.

दुपारपर्यंत पडवी बायकांनी भरली. गॅस सगळ्यांना पुरावा म्हणून प्रत्येकीने नैवेद्यापुरतेच मोदक उकडले. सगळ्यात शेवटी मान खाली घालून आली ती जगनची बायको रंभा.

"हिला परत पाठव," मी जावेच्या कानात म्हटलं.

"अडवून धरायचं काम जगनचं. मला नाय जमत," ती म्हणाली आणि रंभाचं पातेलं चढवलं.

दुसऱ्या दिवशी दीड दिवसाचे गणपती घेऊन गाव कुंपणापाशी पोचलं. जगन आडवा उभा.

"इथनं जाईल त्याचं रॉकेल बंद."

"हाय कुठं तुझ्याकडं?" धोंडुबाईने विचारलं. कालपर्यंत ही बाई त्याच्यापुढे मान वर करत नव्हती. तिच्यामागे बाकीच्यांनाही कंठ फुटला. जगन बायकोकडे वळला, तू तरी सांग यांना म्हणून.

रंभा म्हणाली, "काल तुमी खाल्लेलं मोदक कुणाच्या गॅसवर उकडलं, ठाव हाय?"

जगनचं तोंड बघण्यासारखं झालं. मग वाकून पहिला खुंट त्यानेच उपटला. मोरयाचा असा गजर झाला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यात कृष्णाबाईचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

पुढच्या चतुर्थीपर्यंत गावात गोबर गॅसच्या आणखी टाक्या झाल्या. त्यातली पहिली रंभाने बांधून घेतली, जगनच्या परसात.