माय म्हनू नको

"हिले माय म्हनू नको. आत्या म्हन."

शेठानी असं बोलली तवा माई माय तिच्या मागंच उभी होती. शेठानीचं लेकरू छातीशी धरून, मान खाली घालून. मी सात वर्साची पोरगी. मले वाटलं, माय काही बोलल. तिनं लेकराचं टोपडं सारखं केलं.

तवा अमरावतीत कापसाले सोन्याचा भाव आलता. शेठाचं घर पाहता पाहता दोन मजली झालं. शेठानीले पोरगा झाला, पन दूध नाई आलं. माया मायचं तान्हं नुकतंच गेलतं. बाप त्याच्या आधी पटकीनं गेला. मायले दूध होतं, आमाले खायाले नव्हतं. शेठाचा मानूस आला, मायले घेऊन गेला. मी काकूजवय राह्यली.

बाजाराच्या दिवशी काकू मले तिथं नेऊन सोडाची. मायले पाह्यलं का मी रडाची, माय बी रडाची. शेठानी म्हने, "बाई रडली का दूध नासते. माया पोराले बाधते." म्हनून तो हुकूम. आत्या म्हटलं का हातावर लाडू.

मी म्हटलं. लाडूसाठी नाई. माय दिसाची म्हनून. घरी कोनाशी बोलत नव्हती. काकूले वाटे पोरगी मुकी झाली. गोधडीत तोंड खुपसून मी "माय, माय" म्हनाची. शब्द इसरू नये म्हनून.

एक दिवस त्या पोराले बोल फुटला. पाहुन्याईसमोर त्यानं माया मायच्या गयात हात टाकले आन् म्हटलं, "माय." सारे हासले. शेठानी बी हासली.

मी लाडू भुईवर ठेवला. वरडली, "थे माई माय आये!"

मायच्या चोयीवर दुधाचे डाग पसरले. सर्वाईनं पाह्यलं. शेठानीनं मले थापड मारली. "भिकारडी!"

माय एक पाऊल पुढं आली. पोरगं रडाले लागलं. माय माघारी फिरली.

मी एकटी घरी गेली. काकूले सांगितलं, "आता नेऊ नको. आत्या मी म्हननार नाई."

पुढच्या वर्सी पोराचं दूध तुटलं, माय परत आली. माया केसाले तेल लावाले बसली. तिचा हात लागला का मी आखडाची. "काहून वं, रागावली का मायावर?" मी डोकं बाजूले घेतलं. राग चुकीच्या मानसावर होता, हे समजाले लई वर्सं लागले.

परवा शेठानी मेली. शेजारच्या बाया म्हनल्या, "चाल, बसाले जाऊ. तुया मायनं तिचं मीठ खाल्लं."

म्या म्हटलं, "तिच्या लेकरानं माई माय खाल्ली. मी नाई येत."

मायले मी माफ केलं. शेठानीले नाई. मेली म्हनून बी नाई.