ग्लव्हने सावरलेली टोपी

उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्या पिचरच्या डाव्या हातात ग्लव्ह असतो. त्यामुळे टोपी सावरायची झाली तर तो मोकळ्या उजव्या हातानेच सावरतो. मी मात्र शेवटचा सगळा हंगाम ती ग्लव्हच्या पाठीने वर ढकलत काढला. उजवं कोपर पूर्ण दुमडत नव्हतं, आणि हे कोचला कळलं असतं तर बाकावर बसावं लागलं असतं. समोरच्या संघाला वाटे, ही कॅचरला केलेली गुप्त खूण आहे. बिचारे डावपेच बदलत. हा किस्सा मी घरी जेवताना अनेकदा रंगवून सांगितला. बायको पहिल्यांदा हसली, नंतर नुसतीच आमटी वाढत राहिली. मुलगी दर वेळी हसायची.

पगार घेऊन मी बेसबॉल खेळलो ते तीन हंगाम. आता शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात टायरच्या गोदामाचा सुपरवायझर आहे. तिथे माझं कोपर कुठवर दुमडतं याची कोणाला फिकीर नाही. पण गेल्या हिवाळ्यात मुलीच्या संघाची फायनल आली, आणि आमच्या मराठी मंडळाने त्याच मैदानावर माझा सत्कार ठरवला. बॅनरवर मी 'बेसबॉलसम्राट' होतो. साम्राज्य नेमकं कुठे, हे कोणी विचारलं नाही. मंडळातल्या निम्म्या लोकांना बेसबॉल म्हणजे विटीदांडूची परदेशात स्थायिक झालेली बहीण वाटते.

मुलगी चौदा वर्षांची, पिचर. चौथ्या इनिंगपर्यंत तिने उम्म अल कुवैनच्या मुलींना एकही धाव घेऊ दिली नव्हती. मंडळाचे अध्यक्ष शालीची घडी सांभाळत माझ्या शेजारी बसले होते.

"साहेब, पोरगी अगदी तुमच्यावर गेलीय हो!"

"आईवर गेली असती तर बरं होतं."

ते हसले. मीही हसलो. तेवढ्यात तिने ग्लव्हच्या पाठीने टोपी वर ढकलली.

एकदा झालं असतं तर घाम म्हटला असता. पुढच्या चेंडूनंतर पुन्हा तेच.

मी उठलो नाही. आणखी दोघी बाद झाल्या की इनिंग संपणार होती, फोटोवाला तयार होता, आणि आजूबाजूची माणसं माझ्या मुलीसाठी ओरडत होती. म्हटलं, एवढी इनिंग होऊ दे. माझ्या कोचला तेव्हा कळलं होतं का, हा प्रश्न मी वर्षानुवर्षं चघळत आलोय. त्या सकाळी उत्तर मिळालं. कळलं असणार. तोही इनिंग संपायची वाट पाहत असणार.

अकरा चेंडूंनंतर इनिंग संपली तेव्हा मी मैदानात उतरलो. तिचा कोच मल्याळी, हिंदीत म्हणाला, "सर, बस एक इनिंग और. वो बोलती है ठीक है."

"आय ॲम फाइन, बाबा. गो सिट."

"टोपी काढ. उजव्या हाताने."

तिने उजवा हात उचलला. हात खांद्यापर्यंत आला आणि थांबला. तिचे डोळे भरले ते दुखण्याने की रागाने, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"खलास," मी कोचला म्हटलं. त्याने तिच्या हातातून चेंडू घेतला.

संघ हरला. सत्कार ठरल्याप्रमाणे झाला. अध्यक्ष भाषणात म्हणाले, असा जागरूक बाप प्रत्येक खेळाडूला लाभो. टाळ्या पडल्या. नारळ मी डाव्या हाताने घेतला.

दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दर्द कब से है?"

"जस्ट यस्टरडे," मुलगी म्हणाली.

हे उत्तर माझ्या ओळखीचं होतं. प्रत्येक डॉक्टरला मी 'कालपासून' असंच सांगत आलो होतो.

"खरं सांग," मी म्हणालो.

"यू फर्स्ट, बाबा. तुला कधी कळलं? यू वेअर लुकिंग."

डॉक्टरीणबाई पेन धरून थांबल्या होत्या.

"अकरा चेंडू आधी," मी म्हणालो.

तिने नजर भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे वळवली. मग मराठीत म्हणाली, "तीन आठवडे."

मी ते हिंदीत सांगितलं, आणि डॉक्टरीणबाईंनी तीन आठवडे लिहून घेतले. अकरा चेंडू कुठे लिहायचे, तो रकाना त्यांच्या कागदावर नव्हता.