मराठीत घेतलेला जबाब

ते प्रकरण आठवलं की आजही माझी मान खाली जाते. खून नाही, दरोडा नाही, एका झाडाचा मामला. न्यू जर्सीतल्या एका लहान टाऊनशिपच्या पोलीस खात्यात मी चोवीस वर्षं नोकरी केली. कबुलीजबाब बरेच घेतले, पण झोंबतो तो हाच.

दोन शेजारी. एका घरात सत्तरी ओलांडलेली एकटी अमेरिकन बाई, दुसऱ्यात निवृत्त मराठी इंजिनिअर आणि त्यांची पत्नी. बाईंच्या अंगणातल्या ओकची जाडजूड फांदी वादळात या दोघांच्या सनरूमवर, म्हणजे घराला लागून असलेल्या काचेच्या खोलीवर पडली. काचा, छप्पर, सगळं गेलं. त्या इंजिनिअर काकांनी पोलिसांना फोन केला. आम्ही नेहमीचं उत्तर दिलं, "हे सिव्हिल मॅटर आहे, वकील गाठा." वकील म्हणाला, झाड निरोगी होतं, बाईंवर जबाबदारी येत नाही. बाई झाड तोडायला तयार नव्हत्या. त्यांच्या नवऱ्याने ते लग्नाच्या वर्षी लावलं होतं, आणि नवरा आता नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात ओकची पानं ऐन जूनमध्ये करपली. बाईंनी बोलावलेल्या झाडांच्या तज्ज्ञाने माती बाजूला केली तेव्हा बुंध्याला ड्रिलने पाडलेली सहा भोकं सापडली. आत तणनाशक ओतलेलं. आता ही फौजदारी तक्रार झाली. दोन दिवसांनी स्टेशनला निनावी फोन आला. कुत्रा फिरवताना त्या इंजिनिअरना झाडापाशी वाकलेलं पाहिलं, म्हणे. एवढ्यावर केस उभी राहत नाही. सार्जंट मला म्हणाला, "तू त्यांची भाषा बोलतोस ना? तूच जा."

छातीवरचा कॅमेरा चालू आहे, हे मी नियमाप्रमाणे दारात सांगितलं. पण इंग्रजीत, घाईघाईने. काकूंचं लक्ष माझ्या बिल्ल्यावरच्या आडनावाकडे होतं. "अहो, मराठी पोलीस आलाय बघा! ये रे आत, बूट राहू देत." चहा आला, चिवडा आला.

मी टोपी काढून टेबलावर ठेवली. "काका, मला घरचाच समजा. काय झालं ते मोकळेपणाने सांगा."

एकट्या पडलेल्या माणसाला प्रश्न विचारावे लागत नाहीत. त्याला ऐकणारा हवा असतो. हे मला नोकरीने शिकवलं होतं, आणि मी ते वापरलं.

"फांदी पडली त्याच्या पाच मिनिटं आधी ही तिथेच बसली होती," काका म्हणाले. "आता जरा वारा सुटला की बेसमेंटमध्ये जाऊन बसते. जेवायलाही वर येत नाही. सगळ्यांना विनवून झालं रे. मी काय करायला हवं होतं?"

"म्हणून ड्रिल?"

"हो. मीच." त्यांनी स्वतः मला गॅरेजमध्ये नेलं आणि ड्रिल हातात दिलं.

अर्ध्या तासात केस सुटली. काका अटकेत नव्हते, त्यामुळे गप्प राहण्याचा त्यांचा हक्क वाचून दाखवणं बंधनकारक नव्हतं. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, आरोपीने स्वेच्छेने कबुली दिली. चीफने पाठ थोपटली.

ठशांसाठी काकांना स्टेशनला बोलावलं. वयाने बोटं गुळगुळीत झालेली, मशीनवर ठसा उमटेना. मी एकेका बोटाला लोशन लावून काचेवर दाबत होतो.

"मला वाटलं, आमचं गाऱ्हाणं ऐकायला कुणीतरी आलं," ते शांतपणे म्हणाले.

मी दुसरा हात मागितला.

कोर्टात काकांनी गुन्हा मान्य केला, शिक्षा म्हणून दंड झाला. ओक तोडावा लागला. तो तोडत होते तेव्हा बाई दिवसभर पायरीवर बसून होत्या. त्यांचं नुकसान खरं होतं आणि काकांचा गुन्हाही खरा होता. त्याने माझी शरम कमी होत नाही.

काही महिन्यांनी एडिसन शहरातल्या एका किराणा दुकानात काकू समोर आल्या. मी विचारलं, "काकू, कशा आहात?"

"आय ॲम फाइन, ऑफिसर," त्या म्हणाल्या आणि सामानाची गाडी वळवून निघून गेल्या.

त्यानंतर मराठी घरात तपासाला गेलो की उंबऱ्यावरच मराठीत सांगायचो, "मी पोलीस म्हणून आलोय. सगळं रेकॉर्ड होतंय. बोलायचं नसेल तर बोलू नका." काही जण दार लावून घेत. एक-दोन केसेस त्यामुळे सुटल्या नाहीत. त्याचं मला वाईट वाटत नाही. काकांना मात्र मी हे असं सांगितलं नाही, आणि त्या दिवशीही मला ते मराठीत सांगता येत होतं.