अकोल्याचं आयरिश

माझ्या जावेच्या वडिलांइतका हट्टी माणूस अटलांटिकच्या या बाजूला नाही आणि त्या बाजूलाही नाही. मी स्वतः पुण्याची आहे, त्यामुळे हट्टाचं मला कौतुक सांगू नका. आम्ही निदान स्वतःच्या फायद्यासाठी हट्ट करतो. काकांचा हट्ट निव्वळ तत्त्वाचा. सत्तरी ओलांडलेला, वीज मंडळातून निवृत्त झालेला हा अकोल्याचा माणूस ओहायोत बसून आयरिश भाषा शिकतो, आणि कुणी का म्हणून विचारलं तर उलट त्यालाच विचारतो, की तुम्ही का शिकत नाही?

सुरुवात एका घोटाळ्यानं झाली. माझे दीर-जाऊ आधी टेक्सासात शुगर लँडला होते. दिरांना इकडे नोकरी लागली, तेव्हा जावेनं अकोल्याला फोन करून सांगितलं, की बाबा, आम्ही डब्लिनला शिफ्ट होतोय. काकांनी डब्लिन ऐकलं, जावई अमेरिका सोडून आयर्लंडला निघाले असं परस्पर ठरवलं आणि कामाला लागले. नोकरीत बदली झाली की तिथली भाषा आधी शिकायची, हा त्यांचा जुना शिरस्ता. गडचिरोलीला होते तेव्हा गोंडी शिकले, सिरोंच्याला होते तेव्हा तेलुगू. कानाला वायर लावून ते महिनोन्महिने आयरिश घोकत होते आणि शेजाऱ्यांना वाटत होतं, पत्नी गेल्यापासून बिचारे भजनं ऐकतात. विमानाच्या तिकिटावर कोलंबस, ओहायो दिसलं तेव्हा कुठे उलगडा झाला, की हे डब्लिन म्हणजे कोलंबसला लागून असलेलं अमेरिकेतलंच गाव. दुसरा कुणी असता तर हसून गप्प बसला असता. काका म्हणाले, "आता शिकलेलं टाकून कायले देऊ?"

आले ते तसेच. आमच्या डब्लिनमध्ये जिथे तिथे आयर्लंडची खूण म्हणून तीन पानांची हिरवी डहाळी चितारलेली, दुकानांवर आयरिश नावं, पण ती भाषा बोलणारा माणूस औषधालाही सापडायचा नाही. काकांना हा भलताच अन्याय वाटला. ग्रोसरीच्या रांगेत, बँकेत, डेंटिस्टच्या खुर्चीत तोंड उघडं असताना, ते सगळ्यांना आयरिशमधून नमस्कार करायचे. माझी जाऊ अक्षरशः पर्सआड तोंड लपवायची. एकदा त्यांनी डॉक्टरांना गुडघा 'ग्रँड' आहे असं सांगितलं. आयरिश माणसाच्या बोलण्यात ग्रँड म्हणजे बरं चाललंय, ढकलतोय. अमेरिकन डॉक्टरांनी त्याचा अर्थ उत्तम असा घेतला आणि फिजिओथेरपी बंद करून टाकली. पुढे महिनाभर काका लंगडत होते, पण शब्द मागे घेतला नाही.

मग त्यांना बाई सापडल्या. एका आयरिश पबच्या मागच्या खोलीत दर मंगळवारी नवशिक्यांचा वर्ग भरायचा. शिकवणाऱ्या बाई आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या, ऐंशीच्या पुढच्या, तरुणपणी लग्न करून इकडे आलेल्या. नवरा गेलेला, मुलंबाळं नाहीत. घरची भाषा बोलायला माणूस मिळावं एवढ्यासाठीच हा वर्ग, असं त्यांनी काकांना पहिल्याच दिवशी सरळ सांगितलं. काका दारात चपला काढून, डब्यात चिवडा घेऊन आत गेले आणि पबमध्ये चहा मागितला. वर तो नीट उकळून आणा म्हणून सांगितलं.

तिथे त्यांची कळी खुलली. आयरिशमध्ये एकानं 'देव तुझ्यासोबत असो' म्हटलं, तर दुसऱ्यानं 'देव आणि मेरी' म्हणायचं, तिसऱ्यानं त्यात संत पॅट्रिकची भर घालायची. भर घालत जाण्याच्या या खेळात आमच्याकडच्या माणसाला कोण हरवणार? पॅट्रिकनंतर काकांनी गजानन महाराज घातले, मग खंडोबा, मग रेणुका, आणि बाई हसून हसून टेबलावर डोकं टेकून बसल्या. तिकडे पऱ्यांना म्हणे नावानं हाक मारत नाहीत, 'भली माणसं' म्हणतात. काकांना त्यात नवल वाटलं नाही. आम्हीही रात्री सापाला लांबडं म्हणतो, असं त्यांनी बाईंना समजावलं. मग बाई त्यांच्याकडच्या बनशीची, म्हणजे कुळातलं माणूस जायच्या आधी रडणाऱ्या बाईची गोष्ट सांगायच्या आणि काका पिंपळावरच्या मुंजाची. या दोघांची जोडी जमली की बाकीचे विद्यार्थी नुसतेच बिअर पीत बसायचे.

पुढे पबच्या मालकाला ती खोली मॅच बघणाऱ्यांसाठी हवी झाली. काकांनी त्याला दाराबाहेर नेलं, त्याच्याच पाटीवरचं आयरिश नाव त्याला वाचायला लावलं. त्याला आलं नाही. काकांनी वाचून दाखवलं, अर्थ सांगितला आणि म्हणाले, आधी ही पाटी उतरव, मग वर्ग उठव. त्यानं पाटी ठेवली आणि वर्ग उठवला. दुसऱ्या मंगळवारी माझी जाऊ ऑफिसातून आली तर गॅरेजमधल्या गाड्या रस्त्यावर आणि आत खुर्च्या मांडून आयरिश चाललेलं. "बाबा, याचा उपयोग काय आहे?" ती चिडून म्हणाली. काका म्हणाले, उपयोगाचं सगळं तू करतेस ना, मग एवढं मला करू दे.

गेल्या हिवाळ्यात बाई यायच्या बंद झाल्या. विसरायला लागल्या म्हणून त्यांना वृद्धांच्या निवासात ठेवलं होतं. काका, जाऊ आणि मी भेटायला गेलो, तर नर्स म्हणाली, त्या आता नुसतंच असंबद्ध बडबडतात. काका तिच्यावर असे काही उखडले, की मी दाराकडे सरकले. बाईंचं इंग्रजी गेलं होतं, एवढंच. त्या आयरिश बोलत होत्या, आणि काकांना त्यातलं नवशिक्याइतकं कळत होतं. बाईंना पडदा सरकवून हवा होता. तहान लागली होती. आणि त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या, गाई घरी आल्या का? त्यांना वास्तवाची आठवण करून द्या, असं नर्सनं सुचवलं. काकांनी चक्क नाही म्हणून सांगितलं. बाईंचा हात हातात घेतला आणि विचारलं तितक्या वेळा उत्तर दिलं, आल्या. सगळ्या आल्या.

परतताना काका पुढच्या सीटवर बसले होते. मी म्हटलं, काका, तुम्हाला निदान इंग्रजी चांगलं येतं.

"थे पयले जाते," काका म्हणाले. "मी पाहून आलो ना आत्ता. माझी पाळी आली तर इथं वऱ्हाडी कोणाले समजते? मीही बडबडूनच राहिलो म्हणतील."

मी म्हटलं, मी आहे की. तर म्हणाले, तू पुण्याची, तुले अर्धंच समजन.

गाडी जाऊ चालवत होती. लग्न होऊन आमच्या घरात आल्यापासून मी तिच्या तोंडून वऱ्हाडीचा एक शब्द ऐकला नव्हता. आमच्याकडे लोक हसले म्हणून तिनं तो पहिल्याच आठवड्यात गिळून टाकला होता, आणि हसणाऱ्यांत मी होते, हे काय वेगळं सांगायला हवं? तिनं रस्त्यावरची नजर काढली नाही.

"काऊन असं बोलून राहिले बाबा?" ती म्हणाली. "मी आहो ना."

काका तिच्याकडे वळले. मग म्हणाले, सामने पाह्य, लाल दिवा हाय. ती थांबली. दिवा हिरवा झाला, गाडी निघाली आणि ती दोघं बोलायला लागली, कुठल्याशा शेताबद्दल, कुणा आत्याबद्दल, भरभर, एकमेकांचं वाक्य तोडून. मागच्या सीटवर मला त्यातलं खरंच निम्मं कळत नव्हतं. पण जन्मात पहिल्यांदाच मी मध्ये तोंड घातलं नाही.